पिंजरा पाखराच्या चोचीनं पारखा

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहतो. मुलगी दहावीला चांगल्या गुणांनी पास झाली आणि तिनं बक्षीस म्हणून कॉकाटिएल (तुऱ्याचा छोटा विदेशी पोपट) मागितलाय. सासऱ्यांच्या जुन्या वाड्यातून एक गोल, घुमटाचा पितळी पिंजरा मिळालाय. चिंच लावून घासला की सोन्यासारखा चमकतो. मिस्टर म्हणतात, तोच वापरू. दुकानदारानं मात्र पांढऱ्या जाळीचा नवा पिंजरा दाखवला. त्याबरोबर आरसा, झोपाळा, घुंगरू, खडबडीत काठी असा सगळा संच देतो म्हणाला. आमचा सोपा, म्हणजे बाहेरची खोली, बारा बाय दहा फुटांचा, स्वयंपाकघर त्याला लागूनच. कुठला पिंजरा घ्यावा? आत काय काय ठेवावं? मापं सांगाल का?

उत्तर : दोन्ही घेऊ नका. पितळी पिंजरा वाड्याची आठवण म्हणून जपा, त्यात मनी प्लँटची कुंडी ठेवा, घराला शोभा येईल. पाखरू मात्र त्यात ठेवू नका. का, ते सांगते, पण त्याआधी माझ्या घरात घडलेलं सांगू द्या.

माझ्या वडिलांचं उद्यमनगरात फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. गज, पत्रा, ग्राइंडरचा आवाज, यातच मी लहानाची मोठी झाले. तरीही माझा पहिला कॉकाटिएल गेला तो धातूनंच. राखाडी अंग, पिवळा तुरा, गालावर नारिंगी टिकली. नाव बाळू. त्याच्यासाठी मी तुमच्या दुकानदारानं दाखवला तसाच नवाकोरा जाळीचा पिंजरा आणला. जाळी गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे लोखंडाच्या तारेवर जस्ताचा मुलामा. वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेल्या जाळीवर जोडाजोडाला जस्ताचे बारीक थेंब थिजून राहतात. माणसाच्या नजरेला ते दिसतही नाहीत. बाळूला बरोबर सापडले. कोपऱ्यातला एक थेंब तो आधी जिभेनं चाचपायचा, मग वरच्या चोचीचं टोक त्याच्याखाली घालून खरवडायचा. टिक्, टिक्, टिक्. दुपारभर तो आवाज यायचा आणि आम्हाला वाटायचं, खेळतोय.

काही आठवड्यांनी तो वाटीभर पाणी प्यायला लागला. खाल्लेलं ओकायचा, विष्ठा पातळ आणि गडद हिरवी, काठीवर बसल्या जागी झोक जायचा. डॉक्टरांनी एक्स-रे काढला तेव्हा पेषणीत, म्हणजे दाणे दळायच्या पिशवीत, पांढरे ठिपके चमकत होते. धातू बांधून शरीराबाहेर काढणारी इंजेक्शनं सुरू केली, पण उशीर झाला होता. नंतर मी भिंग घेऊन तो पिंजरा बघितला. त्या कोपऱ्यातल्या तीन जोडांवरचा मुलामा गेलेला होता आणि खालचं काळं लोखंड उघडं पडलं होतं. धातूच्या कामात वाढलेल्या मला हे आधी कळायला हवं होतं. म्हणून आता जो कोणी पिंजऱ्याबद्दल विचारेल त्याला मी मापाआधी धातू सांगते.

पोपटाच्या जातीचं पाखरू चोच तिसऱ्या पायासारखी वापरतं. चढताना आधी चोच, मग पाय. नवीन वस्तू दिसली की आधी जीभ, मग डोळा. कॉकाटिएल नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो. इतकी वर्षं तो त्या गजांना चाटणार आहे, चावणार आहे, त्यांना लोंबकळणार आहे. तेव्हा दुकानात पिंजऱ्यापुढे उभ्या राहाल तेव्हा तो घरात कसा दिसेल याचा विचार नंतर करा, आधी त्याला चोचीनं पारखा. इथं काय खरवडता येईल? कुठं बोट अडकेल? डोकं कुठून बाहेर निघेल?

पितळ या परीक्षेत नापास होतं, कारण पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. पितळेच्या भांड्यात आंबट ठेवलं की ते कळकतं, हे आपल्या आज्यांना पक्कं माहीत होतं, म्हणून तर भांड्यांना कल्हई लावून घ्यायच्या. शिवाय जुन्या पिंजऱ्यांचे जोड झाळलेले, म्हणजे सोल्डर केलेले, असतात आणि त्या झाळकामात शिसं असतं. शिसं जस्तापेक्षाही वाईट. आणि तुमच्या पिंजऱ्याला घुमट आहे. घुमटाकडे सगळे गज जवळजवळ येत जातात. तिथं लोंबकळताना बोट, पाय, क्वचित मान त्या निमुळत्या फटीत सरकते आणि घाबरलेलं पाखरू ओढून ओढून स्वतःला इजा करून घेतं. गोल पिंजऱ्यात त्याला पाठ टेकायला कोपराही नसतो. भेदरलं की कोपऱ्यात जाऊन बसायचं, ही त्याची सवय. चौकोनी पिंजराच घ्या.

मापं आता सांगते. एका कॉकाटिएलसाठी लांबी २४ इंच, रुंदी २४ इंच, उंची २४ ते ३० इंच. अगदीच जागा नसेल तर २० बाय २० बाय २४, त्याच्या खाली नको. पंख पसरले की तो फूटभर रुंद होतो आणि शेपूटच त्याच्या निम्म्या लांबीची असते. वळताना शेपूट गजांना घासत राहिली की तिची पिसं झिजून झाडूसारखी होतात. उंचीला भुलू नका. पाखरू आडवं उडतं, सरळ वर चढत जात नाही. त्यामुळे उंच मनोऱ्यासारख्या पिंजऱ्यातला खालचा अर्धा भाग रिकामाच राहतो. हेच पैसे लांबीला घाला. जोडी ठेवायची असेल तर लांबी ३६ इंच करा.

दोन गजांमधली फट अर्धा इंच ते पाच सूत. (आठ सुतांचा एक इंच, हे वर्कशॉपमधल्या कोणालाही सांगावं लागत नाही.) बजरीगार आणि लव्हबर्ड या लहान पोपटांना चार सुतांच्या वर फट नको, डोकं बाहेर निघतं. त्याउलट आफ्रिकन ग्रे पोपटाला सहा सूत ते एक इंच चालते, पण त्याला गज जाड लागतात आणि पिंजरा किमान तीन फूट बाय दोन फूट. तुमच्या पाखरासाठी निदान दोन बाजूंचे गज आडवे असू देत, म्हणजे त्याला शिडीसारखं चढता येईल.

सगळ्यात उत्तम धातू स्टेनलेस स्टील, ३०४ ग्रेडचं. आपल्या कोल्हापुरात हे करून घेणं अवघड नाही. उद्यमनगरात किचन ट्रॉल्या आणि रेलिंग करणारे कारागीर आहेत. त्यांना कागदावर माप काढून द्या, फट किती सूत ते लिहून द्या, जोड आर्गॉन वेल्डिंगनं करून घ्या आणि सगळे जोड आतल्या बाजूनंही बफ करून, म्हणजे घासून गुळगुळीत करून, मागा. माझा आत्ताचा पिंजरा असाच केलाय. कारागीर म्हणाला, ‘ताई, आतून कोण बघतंय?’ मी त्याला बाळूचा एक्स-रे दाखवला. त्यानं प्रत्येक जोडावरून स्वतःचं बोट फिरवून मगच पिंजरा दिला. ३०४ च्या नावाखाली २०२ ग्रेडचा माल येतो, तेवढं सांभाळा. चुंबकानं त्यातला फरक कळत नाही, दोन्हीला तो चिकटत नाही. कारागिराकडे तपासायचं औषध असतं, थेंब टाकून रंग बघतात, तुमच्यासमोर टाकायला सांगा. २०२ काही विषारी नाही, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात जोडांपाशी लवकर गंजतं.

स्टेनलेस महाग पडतं, हे खरं. परवडत नसेल तर चांगलं पावडर कोटिंग केलेला चौकोनी पिंजरा घ्या. दुकानातच सगळीकडे नख फिरवून बघा, पोपडा निघत असेल तर तो पिंजरा तिथंच ठेवा. आणि हे वाचणाऱ्यांपैकी कोणी पांढऱ्या जाळीचा पिंजरा आधीच आणला असेल, तर पाखराला दुसरीकडे हलवून जाळी तारेच्या ब्रशनं व्हिनेगर लावून घासा, थेंब आणि पांढरी भुकटी निघेपर्यंत, मग भरपूर पाण्यानं धुऊन उन्हात वाळवा. धोका कमी होतो, जात नाही. पैसे साठले की पिंजरा बदलाच.

दार बाजूला उघडणारं हवं, खिट्टीचं. वर सरकवायचं दार कॉकाटिएल चोचीनं उचलायला शिकतो, आणि एखाद्या वेळी डोकं बाहेर काढलेलं असताना ते मानेवर पडतं. तळाला बाहेर ओढता येणारा ट्रे असावा. त्यात वर्तमानपत्र घाला आणि रोज बदला. भुसा घालू नका, तो दमट होतो आणि बुरशी धरतो. शिवाय रोजची विष्ठा कागदावर स्वच्छ दिसते. पाखराची तब्येत आधी तिथंच कळते.

आता दुकानदाराचा संच. त्यातला झोपाळा ठेवा. तोही लाकडाचा असेल तर. बाकी सगळं परत द्या.

खडबडीत काठी, म्हणजे वाळूच्या कागदाचं वेष्टण घातलेली, नखं झिजवते म्हणून विकतात. नखं झिजत नाहीत, तळवे सोलतात. गुळगुळीत प्लॅस्टिकची सरळ दांडीही तितकीच वाईट. तुमच्याकडे पाखरू आलं की एकदा त्याला हातावर घेऊन पायाचा तळवा निरखून बघा. दोन बोटं पुढं, दोन मागं. तळव्यावर बारीक खवल्यांची नक्षी असते, आपल्या बोटाच्या ठशासारखी. एकाच जाडीच्या दांडीवर रात्रंदिवस बसणाऱ्या पाखराच्या तळव्यावरची ही नक्षी आधी पुसट होते, मग जागा गुळगुळीत, लालसर, चकचकीत दिसते. पुढे तिथंच गाठ होते, ती पिकते, आणि मग पाखरू एक पाय उचलूनच बसायला लागतं. इतकं होऊ द्यायचं नसेल तर काठ्या वेगवेगळ्या जाडीच्या हव्यात.

त्यासाठी दुकानात जायची गरजच नाही. पेरूच्या फांद्या आणा. गावाकडे, ओळखीच्या मळ्यात, कोणाच्याही परसात पेरू असतोच. फक्त औषध फवारलेलं झाड नको. जाडी पाच सूत ते एक इंच, थोडी वाकडी, थोडी गाठींची. पाखरू बसल्यावर बोटांनी फांदीला दोन-तृतीयांश वेढा पडला पाहिजे. बोटांची टोकं एकमेकांना भिडली तर फांदी बारीक. फांद्या घासून धुवा, कडक उन्हात चांगल्या वाळवा आणि साल तशीच ठेवा. साल सोलणं हा त्याचा दिवसभराचा उद्योग. कडुनिंबाची फांदीही चालते. कण्हेरीची चुकूनही नको, ती विषारी आहे. तीन फांद्या पुरेत. सगळ्यात उंच फांदी मागच्या बाजूला लावा, तिथं तो झोपेल. एकीखाली एक लावू नका, आणि वाट्या कुठल्याही फांदीच्या बरोबर खाली येऊ देऊ नका, नाहीतर त्याचं पिण्याचं पाणी दिवसभर घाण होत राहील.

घुंगरू परत द्या. त्याच्या फटीत नख अडकतं आणि मग पाखरू उलटं लटकतं. आत खडा कुठल्या धातूचा आहे, तेही कळत नाही. आरसाही नको. नर कॉकाटिएल आरशातल्या पाखराला जोडीदार समजतो, त्याच्यापुढे गातो, स्वतःच्या पोटातलं खाणं काढून काचेला भरवतो, आणि तुमच्या मुलीनं हात पुढं केला की चावतो. तिला त्याच्याशी मैत्री करायची आहे, मध्ये आरसा कशाला?

खेळणी घरात आहेत. नारळाची करवंटी (किशी काढून), मक्याच्या कणसाची हिरवी पानं, पळसाच्या पानांची वाळलेली पत्रावळ, बांबूच्या कामट्या. पत्रावळीचे टाके तो एकेक करून उसवतो, मी तासन्‌तास बघत बसते. सुती दोर मात्र देऊ नका, धागे सुटतात, पायाला गुंडाळतात, गिळले तर गळ्याखालच्या पिशवीत गोळा होतो. करवंटी टांगायला स्टेनलेसची कडी घ्या, किल्लीची रिंग नको, तिच्यात चोच अडकते. खेळणी एका वेळी दोनच, आठवड्यानं बदला.

वाट्या स्टीलच्या तीन : दाणे, पाणी, भाजी. शिवाय गजाला समुद्रफेसाचा (माकुळाच्या अंगातलं पांढरं, ठिसूळ कवच) एक तुकडा बांधा, त्यातून त्याला कॅल्शियम मिळतं. दुकानात वाळूची पुडी देतील, ती घेऊ नका. कॉकाटिएल दाणा सोलून खातो, त्याला खड्यांची गरज नाही.

राहिली जागा, आणि तुमच्या घरात हाच कळीचा प्रश्न आहे. पिंजरा सोप्यातच ठेवा, पण स्वयंपाकघराच्या दारापासून जितका लांब जाईल तितका. एक बाजू भिंतीला टेकलेली, उंची बसलेल्या माणसाच्या डोळ्याएवढी. सकाळचं कोवळं ऊन थोडा वेळ मिळालं तर छान, पण पिंजऱ्याचा अर्धा भाग कायम सावलीत हवा. पाखराच्या फुप्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात आणि हवा त्याच्या फुप्फुसातून एकाच दिशेनं वाहत राहते. श्वासातल्या हवेतला प्राणवायू तो आपल्यापेक्षा जास्त चांगला शोषून घेतो, आणि विषारी धूरही तसाच. नॉनस्टिक तवा रिकामा जास्त तापला तर त्याच्या मुलाम्यातून वायू निघतो. तुम्हाला वासही येणार नाही आणि पाखरू काही मिनिटांत मरून पडेल. पाखरू आणणार असाल तर नॉनस्टिक भांडी घराबाहेर काढा. बिडाचा तवा आणा, भाकरीही चांगली होते. डासांची कॉइल, कापूर, धूप, उदबत्ती यांच्यासाठी वेगळी खोली.

आणि चटणीचा दिवस! एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे घरोघरी वर्षाची कांदा-लसूण चटणी होते. मिरच्या भाजायला लागलं की गल्लीतलं प्रत्येक घर खोकतं. गंमत अशी, की पाखराला मिरची तिखट लागतच नाही. तिखटपणा ओळखायची सोय त्याच्या जिभेवर नाही, हिरवी लवंगी मिरची तो आवडीनं खातो. पण भाजतानाचा धूर त्याच्या श्वासाला सोसत नाही. त्या दिवशी पाखराला पिंजऱ्यासकट पाहुण्यांकडे पाठवा. शेजारी भाजणार असतील तर त्यांना आधी विचारून ठेवा. आमच्या गल्लीत आता बायका स्वतःहून सांगतात, ‘उद्या मिरच्या भाजायच्यात, तुमचं पाखरू हलवा.’

एक शेवटचं : पिंजरा कितीही मोठा घेतला तरी रोज दोन-तीन तास कॉकाटिएल पिंजऱ्याबाहेर हवा. पंखा बंद, खिडक्या लावलेल्या. मुलीला अभ्यासाच्या टेबलावर त्याच्यासाठी एक फांदी लावून द्या.

प्रश्न : वादळात झाड पडलं, त्याखाली हिरव्या पोपटाचं पिल्लू सापडलं. मुलांना लळा लागलाय. त्याला केवढा पिंजरा घेऊ? (गडहिंग्लज)

उत्तर : कुठलाच नको. आपल्या रानातला हिरवा पोपट, मोठा पहाडी राघू, लाल डोक्याची टोई, हे सगळे वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ खाली येतात. त्यांना पाळणं, विकणं, विकत घेणं गुन्हा आहे, त्याला कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कॉकाटिएल, बजरीगार हे मूळचे ऑस्ट्रेलियाचे, पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात जन्मलेले, म्हणून त्यांची गोष्ट वेगळी. पिल्लाला हवेची भोकं पाडलेल्या खोक्यात मऊ फडक्यावर, उबेत आणि अंधारात ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जातं. वनविभागाच्या १९२६ या नंबरावर आजच फोन करा. मुलांना बरोबर न्या, पिल्लू त्यांच्याच हातानं सोपवू द्या. दुखेल त्यांना. पण त्याचा थवा रोज संध्याकाळी तुमच्याच गावावरून जातो, तो मुलांना दाखवा.

प्रश्न : आमचा कॉकाटिएल रात्री अचानक पिंजऱ्यात धडपडतो, पंख आपटतो. सकाळी खाली पिसं पडलेली असतात, एकदा रक्तही होतं. पिंजरा रात्री जाड चादरीनं पूर्ण झाकतो. (इचलकरंजी)

उत्तर : अंधारात पाल सरकली, बाहेर फटाका वाजला, रस्त्यावरून गाडीचा झोत आला, की कॉकाटिएल दचकून सरळ उडतो आणि त्याला कुठं जायचं ते दिसत नाही. या जातीत हे फार आढळतं. चादर तीनच बाजूंनी टाका, पुढची बाजू उघडी ठेवा आणि खोलीत झिरोचा बारीक दिवा लावा. झोपायच्या फांदीच्या आसपासची खेळणी रात्री काढून ठेवा. धडपड सुरू झाली तर लगेच हात घालू नका. दिवा लावा, हळू आवाजात त्याचं नाव घ्या, तो फांदीवर चढेपर्यंत बोलत राहा. मग पंख बघा. नव्या वाढत्या पिसाच्या देठात रक्त असतं, ते मोडलं की ठिबकत राहतं. कॉर्नफ्लोअर चिमटीनं दाबून धरा. काही मिनिटांत थांबलं नाही तर डॉक्टर गाठा, सकाळची वाट बघू नका. एवढ्याशा जिवात रक्त असतंच किती.